तांबे कुटणारी गावे

नोएडातल्या एखाद्या मराठी घराच्या देवघरात ताम्हण आणि पळी असतेच. भिंतीतल्या वायरी, पंख्याची मोटर, याच शहरातल्या कारखान्यांत तयार होणारे मोबाइल फोन, या सर्वांतही तांबे असते. पण ज्या गावांनी डोंगर फोडून हे तांबे काढले, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

खाणीतून निघतो तो खडक. त्यात तांब्याचा अंश थोडाच असतो. पूर्वी हा खडक 'स्टॅम्प मिल' नावाच्या गिरणीत कुटत. तत्त्व आपल्या उखळ-मुसळाचेच. रांगेने उभी केलेली लोखंडी मुसळे पाणचक्कीच्या आणि पुढे वाफेच्या जोरावर वर उचलली जात व दगडावर आदळत. झालेला चुरा पाण्यात घोळवला की हलकी वाळू वाहून जाई आणि जड तांबे तळाशी राही. तांदूळ रोळताना खडे मागे राहतात, तसेच!

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील किविनॉ या भागात ही पद्धत फार चालली, कारण तेथे तांबे खडकात धातूच्याच रूपात मिळे. 1840 नंतर तेथे खाणी सुरू झाल्या. कॉर्नवॉल, फिनलंड, इटली, क्रोएशिया येथून माणसे पोटासाठी आली. घर कंपनीचे आणि डॉक्टरही कंपनीचाच. सुपीरियर सरोवराच्या परिसरातील गिरण्यांची धडधड हाच गावाचा श्वास होता.

पण या श्वासाची किंमत मोठी होती. पूर्वी दोघे मिळून चालवत त्या ड्रिलऐवजी एकट्याने चालवायचे यंत्र आले. अंधाऱ्या खाणीत अपघात झालाच, तर हाक ऐकायलाही शेजारी कुणी नाही. त्यामुळे 1913 च्या जुलैत कामगारांनी संप पुकारला. आठ तासांचा दिवस ही त्यांची आणखी एक मागणी होती. त्याच वर्षी 24 डिसेंबरला संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा समारंभ चालू असताना कुणीतरी 'आग!' असे ओरडले. आग नव्हतीच, पण जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत 73 जीव गेले. त्यांत बहुतेक मुले होती. पुढे एप्रिल 1914 मध्ये संप मोडला.

1960 नंतरच्या दशकात उरल्यासुरल्या मोठ्या खाणीही बंद पडल्या. तरुण बाहेर गेले. मागे राहिली ती कुटलेली वाळू. गे नावाच्या गावाजवळ सरोवरात टाकलेली अशी दोन कोटी टनांहून अधिक वाळू आजही किनाऱ्याने सरकत माशांच्या पैदाशीची जागा बुजवत आहे.

हे सगळे दूरचे वाटते का? दिल्लीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर राजस्थानात खेतडी आहे. स्वामी विवेकानंदांचे स्नेही राजा अजितसिंह यांचे हे गाव. या परिसरात तांबे काढण्याची परंपरा अतिशय जुनी. 1967 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीने येथे मोठा प्रकल्प चालवला. कामगारांसाठी खेतडीनगर वसले. येथील तांबे गंधकाशी संयुक्त असते. नुसते कुटून-धुऊन ते वेगळे होत नाही. म्हणून फिरत्या पिंपात लोखंडी गोळ्यांनी दगड दळतात आणि पाण्यात फेस करून तांब्याचे कण वर आणतात. मात्र 2008 मध्ये येथील धातू वितळवणारी भट्टी बंद झाली आणि वसाहतीची वर्दळ ओसरली. खाणकाम चालू असले, तरी एकाच धातूवर संसार बांधलेल्या गावाला त्याचा फटका बसलाच.

खाण कधी ना कधी संपणारच. ती चालू असतानाच तिथल्या मुलांना दुसरे हुन्नर शिकवणे, पाणी आणि जमीन जपणे, हे तांबे वापरणाऱ्या समाजाचे देणे आहे. शिवाय तांबे कितीही वेळा वितळवले, तरी त्याचा गुण जात नाही. कपाटात पडलेला बिघडलेला चार्जर आणि जुनी वायर अधिकृत संकलन केंद्रात दिली, तर त्यातले तांबे पुन्हा कामी येते आणि तेवढ्यासाठी नवा खडक फोडावा लागत नाही.