औषधाची चिठ्ठी आणि हप्त्याची तारीख

गंभीर मानसिक आजार असलेल्या घरात कर्ज थकले की भोवतालची माणसे साधारण तीन गोष्टी बोलतात. पहिली, ‘हात सैल होता, म्हणून ही वेळ आली.’ दुसरी, ‘आधी डोके ठिकाणावर येऊ दे, पैशाचे मग बघू.’ तिसरी, ‘त्याच्या हातात पैसाच देऊ नका.’ बँकेच्या खिडकीवर चौथी ऐकू येते, ‘आजारपण तुमचे, हप्ता ठरलेल्या तारखेलाच.’ बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काही वाईट नसते. तरीही या चार समजुतींमुळे आधीच खचलेली घरे आणखी खचतात, म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

हप्ते, थकबाकी आणि वसुली यांची घडी बसवणे हा मानसिक उपचारांचाच भाग मानला पाहिजे. त्यासाठी रुग्णाला कर्जमाफीची नव्हे, तर आजाराच्या काळापुरत्या मुदतीची गरज आहे. ही मुदत कोणाच्या मेहेरबानीवर न राहता कायद्याने मिळाली पाहिजे.

पहिली समजूत सैल हाताची. मनोविकारशास्त्राच्या प्रमाण निकषांत मॅनियाची, म्हणजे बायपोलर आजारातल्या उन्मादाच्या अवस्थेची, लक्षणे दिली आहेत. झोपेची गरज कमी होणे, अखंड बोलणे, स्वतःच्या मोठेपणाच्या अवाजवी कल्पना, आणि याच यादीत बेलगाम खरेदी व धंद्यातली अविचारी गुंतवणूकही आहे. बायपोलर आजार असलेला माणूस एका रात्रीत तीन फोन मागवतो किंवा ओळखीच्या माणसाला दुकानासाठी आगाऊ रक्कम देऊन बसतो, तेव्हा ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण त्याला ऐकवून काही उपयोग नसतो. खोकला हे जसे क्षयाचे लक्षण, तशी ही खरेदी त्या आजाराचे लक्षण असते.

आता बाजाराचा वेग पाहा. मोबाइलवरचे कर्ज काही मिनिटांत मंजूर होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले, तेव्हा दंडाशिवाय कर्ज परत करून मोकळे होण्याची सवड ठेवली. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी ही सवड किमान तीन दिवसांची होती. मॅनियाचे निदान करताना मात्र लक्षणे साधारण आठवडाभर टिकलेली आहेत का, हे पाहिले जाते. म्हणजे आजाराची लाट ओसरण्याआधीच निर्णय मागे घेण्याची मुदत संपलेली असते. नियम करताना निरोगी ग्राहक डोळ्यांसमोर होता आणि आजारी ग्राहकाचा विचार कोणी केला नाही, हे यातून उघड दिसते.

नैराश्यात चित्र उलटे असते. बँकेची पाकिटे न फोडता टीव्हीमागे साठत जातात. अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा घातला जातो. खात्यात पैसे असूनही विजेचे बिल भरायचे राहते आणि पुढच्या महिन्यात ते दंडासकट येते. बाहेरून हा बेफिकीरपणा वाटतो, पण पाकीट फोडायलाही अंगात बळ उरलेले नसते. स्किझोफ्रेनियाची तऱ्हा आणखी वेगळी. तो बहुधा विशी-तिशीच्या आसपास, म्हणजे कमावण्याच्या वयातच सुरू होतो. नोकरी जाते आणि उपचारांसाठी आई-वडिलांच्या निवृत्तीची पुंजी मोडली जाते. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत उपचार आणि प्रवास यांवर कुटुंबाच्या खिशातून महिन्याला साधारण 1,000 ते 1,500 रुपये जातात असे आढळले. सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी वेगळी. अशा घरांत ऋण काढून सण साजरे होत नसतात. ऋण काढले जाते ते औषधांसाठी आणि एसटीच्या तिकिटासाठी.

दुसरी समजूत अधिक समंजस वाटते, म्हणून ती अधिक फसवी आहे. ‘आधी बरे व्हा’ असे सांगताना कर्जही तोवर थांबून राहील, असे गृहीत धरलेले असते. व्याज थांबत नाही आणि वसुलीचे फोनही थांबत नाहीत. घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री कशाला लागते, तेही पाहावे. गटाचा हप्ता चुकला तर दारात माणसे येतात, पतसंस्थेचा चुकला तर जामीनदार येतो, पण औषधाची पाकिटे आणली नाहीत म्हणून दार ठोठावायला कोणी येत नाही. त्यामुळे सगळ्यांत आधी औषध बंद होते. लिथियम घेणाऱ्या रुग्णाची ठरावीक काळाने करायची रक्ततपासणी तर त्याही आधी पुढे ढकलली जाते. औषध सुटले की आजार उलटतो आणि आजार उलटला की मजुरी बुडते.

मायक्रोफायनान्सच्या गटाची साप्ताहिक बैठक या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी असते. कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजी अंथरलेली, मध्ये पासबुकांची चवड, बायका ओळीने बसलेल्या. दहाजणींचे हप्ते जमा होतात आणि अकरावीचे कमी पडतात. अनेक ठिकाणी रक्कम पूर्ण होईपर्यंत कोणीच उठायचे नाही, असा शिरस्ता असतो. अखेर बाकीच्या पदरमोड करून भर घालतात, आणि पुढचा आठवडाभर त्या अकरावीला पाणवठ्यावर, किराणा दुकानात, शाळेच्या फाटकाशी त्याच नजरा झेलाव्या लागतात. तिला आधीच ‘लोक आपल्याबद्दल बोलतात’ असे भास होत असतील, तर आता लोक खरोखरच बोलत असतात. डॉक्टरांनी गोळ्या बदलून हा त्रास जाणार नाही. हप्ता पुन्हा बांधून मिळाला, तरच जाईल.

नियमांतली एक उणीव याच ठिकाणी जाणवते. रिझर्व्ह बँकेच्या मार्च 2022 च्या चौकटीनुसार मायक्रोफायनान्स घेणाऱ्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. मर्यादा चांगली आहे, पण हिशेब मांडला जातो तो कर्ज देण्याच्या दिवशी. घरातले कमावते माणूस रुग्णालयात गेले आणि उत्पन्न निम्म्यावर आले, तर तोच हप्ता सगळी मिळकत खातो, आणि ती मर्यादा पुन्हा तपासण्याची सक्ती कोणावर नाही.

कर्ज आणि आजार वेगळे काढता येत नाहीत, हे इतरत्रही दिसून आले आहे. ब्रिटनमधल्या ‘मनी अँड मेंटल हेल्थ पॉलिसी इन्स्टिट्यूट’ या संस्थेच्या मांडणीनुसार तिथे कर्जात अडकलेल्यांपैकी 46 टक्के लोकांना मानसिक आजारही असतो. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या वार्षिक अहवालात ‘आजारपण’ हा एक रकाना आहे आणि ‘दिवाळखोरी वा कर्जबाजारीपण’ हा दुसरा. ज्या घरात दोन्ही एकत्र नांदत होती, त्याची नोंद कुठल्या तरी एकाच रकान्यात होते. पुढे धोरणेही तशीच वेगवेगळ्या खात्यांत आखली जातात.

तिसरी समजूत सगळा कारभार काढून घेण्याची. घरच्यांची धास्ती खरी असते. एकदा दागिने गहाण पडल्याचे पाहिलेल्या आईला ‘विश्वास ठेवा’ असे सांगणे सोपे नाही. पण एटीएम कार्ड काढून घेतले, सही करू दिली नाही, कर्ज किती आहे तेही लपवले, तर तो माणूस बरा झाल्यावरही घरात परावलंबीच राहतो आणि संधी मिळताच लपून उसनवारी करतो. कायदाही या समजुतीच्या बाजूने नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 3 नुसार मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकृतमनस्क ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश असून त्याच्या कलम 13 ने स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळण्याचा समान हक्क दिला आहे. भारतीय करार कायदा 1872 चा, पण त्याच्या कलम 12 नेही हे ओळखले आहे की एरवी भ्रमिष्ट असणारा माणूस भानावर असताना करार करू शकतो, आणि एरवी भानावर असणारा माणूस भ्रमाच्या काळात करू शकत नाही.

हे कलम घराघरात वापरण्याजोगे आहे. रुग्ण बरा असतानाच त्याने घरच्यांबरोबर बसून स्वतः ठरवावे आणि लिहून ठेवावे: माझी झोप सलग तीन रात्री उडाली, तर कार्ड बहिणीकडे द्यायचे, ऑनलाइन व्यवहार बंद करायचे, अमुक रकमेवरचा खर्च दोघांनी मिळून ठरवायचा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकामुळे कार्डाचे ऑनलाइन व्यवहार सुरू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय चोवीस तास उपलब्ध झाली आहे. मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबाबत आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिलाच आहे. तोच विचार पैशांना लावला, तर घरच्यांची धास्ती कमी होते आणि निर्णयही रुग्णाचाच राहतो.

चौथी बाजू कर्ज देणाऱ्याची. तिच्यात तथ्य आहे. पतसंस्थेतला पैसा शेवटी ठेवीदारांचा असतो. पण ‘हप्ता कोणत्याही कारणाने थांबत नाही’ हे म्हणणे खरे नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांनुसार नैसर्गिक आपत्तीत पिकाचे 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले, तर पीककर्जाची फेररचना करता येते. कोविडच्या काळात 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 असे सहा महिने देशभरातल्या कर्जदारांना हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये पूर्ण व्याजमाफी नाकारली, पण त्या काळाच्या व्याजावरचे व्याज घेऊ नये असे सांगितले. कर्जदाराच्या हातात नसलेले संकट आले की मुदत द्यायची, हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. गारपीट त्यात बसते, महामारी बसते. मग मनोरुग्णालयात काढलेले दोन महिने का बसू नयेत?

‘खोटी प्रमाणपत्रे येतील’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. ती पीकनुकसानीतही येऊ शकतात, म्हणून पंचनामा होतो. मानसिक आजाराचाही पंचनामा शक्य आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाण ठरवण्यासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी तयार केलेली ‘आयडियाज’ ही मोजपट्टी सरकारी रुग्णालयांत वापरली जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 4 मे 2021 पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ योजना लागू आहे. मानसिक आजाराच्या संकटात उपचार चालू असल्याचे मान्यताप्राप्त व्यावसायिकाने प्रमाणित केले की उपचार संपेपर्यंत आणि पुढे 30 दिवस योजनेत बसणाऱ्या कर्जांवरचे बहुतेक व्याज, दंड आणि वसुली थांबते. कर्ज बुडत नाही, माणसाला सावरायला अवधी मिळतो. सावरलेला माणूस हप्ते भरतो, आणि यात ठेवीदाराचेही हित आहे.

भारतात असा दरवाजा कागदावर काही प्रमाणात बांधून ठेवलेला आहे. दिवाळखोरी संहिता, 2016 मध्ये सामान्य माणसासाठी ‘नवी सुरुवात’ प्रक्रिया आहे. अर्ज दाखल झाला की वसुलीला स्थगिती, अशी तिची रचना. पण ही तरतूद सामान्य कर्जदारांसाठी लागूच झालेली नाही. लागू झाली तरी तिच्यातल्या मर्यादा वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000 आणि कर्ज 35,000 रुपये अशा आहेत. आजच्या मजुरीच्या दरात कोणाही धडपडत्या कुटुंबाला त्या ओलांडाव्याच लागतात.

कायदा बदलेपर्यंत घरे थांबू शकत नाहीत, आणि आज हाती असलेली साधनेही थोडी नाहीत. सगळी देणी, म्हणजे गट, पतसंस्था, सोनेतारण, कार्ड, भिशी, हातउसने आणि सावकार, एका कागदावर लिहावीत. औषध, भाडे, वीज आणि घर गहाण असेल तर त्याचा हप्ता यांना आधी स्थान द्यावे. कार्ड व ॲपची देणी त्यानंतर. बँकेला फोनवर न सांगता लेखी अर्ज द्यावा. ‘उपचार चालू आहेत, अमुक महिने काम शक्य नाही’ एवढे डॉक्टरांचे पत्र जोडले तरी पुरते, निदान उघड करण्याची गरज नसते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करता येतात, आणि नातेवाइकांना त्रास देणे किंवा चारचौघांत अपमान करणे याला मनाई आहे. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. बेकायदा सावकारीविरुद्ध महाराष्ट्रात 2014 चा कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते. मन फार खचले, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पण हा कागद लिहायला आजारी माणसाच्या शेजारी कोणी तरी बसावे लागते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 2013 नंतर ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना मनाचा आधार देण्याबरोबर सरकारी योजनांचे अर्ज भरून देण्याचे काम शिकवले. पुढे हा उपक्रम गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यात गेला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समाजसेवकाच्या कामात याच धर्तीवर कर्जाचा तक्ता बसवता येईल. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर बँकेसाठीचे पत्रही हातात द्यावे. रिझर्व्ह बँकेने ते पत्र पीकनुकसानीच्या पंचनाम्याइतकेच ग्राह्य धरावे, त्या काळात दंड व वसुली थांबवावी आणि घटलेल्या उत्पन्नावर हप्ता नव्याने बांधून द्यावा. केंद्र सरकारने ‘नवी सुरुवात’ची कलमे मर्यादा वाढवून लागू करावीत. हे होईपर्यंत मनोरुग्णालयाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला चुकलेल्या हप्त्यांचा हिशेब एकट्याने द्यावा लागेल.