लक्ष्मी तालाचे सांडपाणी आणि प्रतिजैविकांची घटती शक्ती

झाशी : गंगाधरराव नेवाळकर यांचे १८५३ मध्ये निधन झाल्यानंतर राणी लक्ष्मीबाईंनी उभारलेली त्यांची छत्री येथील लक्ष्मी तालाजवळ आजही उभी आहे. मात्र या ऐतिहासिक तलावात शहरातील नाल्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले आणि हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. त्याची चर्चा प्रामुख्याने दुर्गंधी, जलपर्णी आणि सुशोभीकरण यांभोवती होते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्याला आणखी एक गंभीर बाजू आहे.

माणसाने किंवा जनावराने घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराचसा अंश मलमूत्रावाटे बाहेर पडतो. घरे, रुग्णालये आणि गोठे यांचे सांडपाणी एकत्र आले की त्यातील जिवाणू औषधाला दाद न देण्याचा गुणधर्म जनुकांद्वारे एकमेकांना देऊ शकतात. दिल्लीतील पाण्याच्या तपासणीचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याची साक्ष देतात. साचलेल्या व वाहत्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे प्रतिरोधक जनुक आढळले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार, २०२३ मध्ये जगभरात प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या दर सहा जिवाणूसंसर्गांपैकी एक प्रतिरोधक होता. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण तिनास एक असे आहे.

उपचारातील अडचण निदानापासूनच सुरू होते. कोणते औषध लागू पडेल, हे सांगणाऱ्या कल्चर तपासणीला साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते. गाईम्हशींच्या कासदाहात तर तपासणीविनाच इंजेक्शन देण्याकडे कल असतो.

सरकारने काही पावले निश्चितच उचलली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रतिरोध-निरीक्षण जाळे २०१३ पासून कार्यरत आहे. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर २०१९ मध्ये बंदी आली. मानव, पशू आणि पर्यावरण यांचा एकत्रित विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली.

तरीही सांडपाणी हा या साखळीतील कच्चा दुवा आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्यात सेंद्रिय भार आणि विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या मोजली जाते. ते जिवाणू औषधांना दाद देतात की नाही, हे मानकांत विचारलेलेच नाही. झाशीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर शेजारच्या दतियात येथील केंद्रीय कृषी विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. रुग्ण, जनावरे आणि नाले यांचे नमुने एकाच पद्धतीने तपासून निष्कर्ष एकमेकांना कळवण्याची व्यवस्था झाल्यास स्थानिक डॉक्टर व पशुवैद्यकांना औषध निवडताना ठोस आधार मिळेल. तसे न झाल्यास तलावाचा काठ सुशोभित होईल, पण पाण्यातील धोका तसाच राहील.