आधी छप्पर, मग दिवे

घरी बांधलेला ट्रेलर काळा का रंगवतात, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं. या आठवड्यात हैदराबादजवळ गंडीपेटला असाच एक पाहिला. कारच्या मागे जोडायचा, दोघं झोपतील एवढा, नवराबायकोने स्वतः बांधलेला. चॅसी भक्कम, वेल्डिंग सफाईदार, रिव्हेट एका ओळीत. काम पाहून खरंच आनंद झाला. पण बाहेरून पूर्ण मॅट काळं रॅप, पुढे वर एलईडीची लांब पट्टी, मागे सायकलींचा रॅक. महिना मे आणि गाव हैदराबाद.

काळ्या गाड्यांवरचा माझा राग या सदराच्या जुन्या वाचकांना पाठ आहे. कारच्या बाबतीत तो कुणाला पटला नाही तरी हरकत नाही. कारमध्ये एसी असतो आणि तासा-दोन तासांत माणूस उतरतो. ट्रेलरमध्ये माणूस झोपतो, लहान मूल झोपतं. तिथे रंग ही नुसती आवडनिवड राहत नाही.

बोलता बोलता कळलं की हे दोघं मियापूरला सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात. सोसायटीने गच्चीला पांढरा कूल रूफ रंग दिल्यापासून घर पुष्कळ सुसह्य झालं, असं ती दोघं कौतुकाने सांगत होती. म्हणजे घरावरचा स्लॅब पांढरा झाल्याचं सुख रोज भोगणाऱ्या माणसांनी ट्रेलरवरचा पत्रा मात्र काळा केला.

या शहरात हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये कूल रूफ धोरण आणलं. 2028 पर्यंत राज्यात 300 चौरस किलोमीटर छतं थंड करायची, त्यातली 200 एकट्या हैदराबाद परिसरात, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्याच्या कितीतरी आधी इथल्या छतांवर मोजमापं झाली होती. आपल्या हैदराबादच्या आयआयआयटीने अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेसोबत केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एसी असलेल्या इमारतींचं काळं छत पांढरं केल्यावर दर चौरस मीटरमागे वर्षाला 20 ते 22 युनिट वीज वाचली. साध्या काँक्रीटच्या छतावर तोच फायदा 13 ते 14 युनिटांचा होता. काळ्याने सुरुवात केली की नुकसान किती मोठं असतं, ते या दोन आकड्यांतल्या फरकात दिसतं.

हे आकडे ट्रेलरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण का ते पाहिलं तर माझी बाजू आणखी पक्की होते. घराचा स्लॅब चार-पाच इंच जाड. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री हळूहळू परत देतो. ट्रेलरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. तो काही मिनिटांत तापतो आणि पंख्याखाली बसलेल्या माणसाला तो ताप लगेच जाणवतो. पण पत्र्याकडे साठवण नसल्यामुळे पांढऱ्या रंगाचा गुणही लगेच दिसतो. आत थर्माकोल किंवा फोम आहे ना, असं उत्तर मिळतं. फोम उष्णता उशिरा आत सोडतो, बाहेरच्या बाहेर परतवत नाही. परतवायचं काम रंगाचं.

त्यातही सगळं लक्ष छपराकडे हवं. 9 मेच्या आसपास हैदराबादेत मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. त्या दिवसांत भर दुपारचं ऊन भिंतींवर नावापुरतं पडतं, खरा मारा छपरावर असतो. भिंती हव्या त्या रंगाच्या ठेवा, पण छत पांढरं करा. चकचकीत पत्रा उघडा ठेवला तरी चालेल, हा समजही खोटा आहे. उघडं अ‍ॅल्युमिनियम ऊन परतवतं खरं, पण जे शोषलं ते सहजासहजी सोडत नाही, म्हणून पांढऱ्या रंगाखालच्या पत्र्यापेक्षा जास्त तापतं. स्वस्तात म्हणून चुना फासू नका, चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो. पत्रा घासून, धातूचा प्रायमर मारून, वर छतासाठी मिळणारा ताणला जाणारा अ‍ॅक्रिलिक रंग दोन वेळा द्या. धूळ बसली की पांढऱ्याचा गुण उतरतो, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर छत धुवा.

रंगाआधी सांधे. या ट्रेलरला छताच्या कडेने सिलिकॉनची जाड रेघ ओढलेली होती आणि एका कोपऱ्यात ती नखाने उचलून येत होती. सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि पुढे दुसरं सीलंटही नीट चिकटत नाही. सांध्यावरच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट, असा जोड करा. राणीगंज किंवा ट्रूप बझारमध्ये चौकशी केली तर दोन्ही मिळवता येतं. छताला थोडा उतार आणि दारावर बोटभर पन्हळ हवीच, नाहीतर पागोळ्या थेट दारात. ऑक्टोबर 2020 चा पाऊस ज्यांनी इथे काढला त्यांना गळतीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आणि दार! या ट्रेलरचं दार आणि त्यावरची ताडपत्रीची शेड उजव्या अंगाला होती, कारण आराखडा अमेरिकन. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून दारही उजव्या कडेला. आपल्याकडे तेच दार वाहत्या रस्त्यात उघडतं. मूल आधी तिथूनच उडी मारून उतरणार, हे आराखडा उतरवताना एकदा तरी मनात यायला हवं होतं. दार आणि शेड डाव्या बाजूला घ्या, आणि मुक्कामी ट्रेलर उभा करताना शेड पश्चिमेला येईल असं पाहा, कारण दुपार कलली की ऊन त्या भिंतीवर चालून येतं.

दिव्यांवर खर्च झाला, आणि मागे रिफ्लेक्टर टेप मात्र नव्हती. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, एवढा साधा नियम. काळा ट्रेलर, रात्रीचा आउटर रिंग रोड आणि टेप नाही, हा विचारच मला सहन होत नाही. एलईडीची पट्टी समोरच्याचे डोळे दिपवते, मागून येणाऱ्या लॉरीला तिचा काडीचा उपयोग नाही.

मागचा सायकल रॅकही काढा. वजन मागे गेलं की हूकवरचा भार हलका होतो आणि वेगात ट्रेलर डोलायला लागतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हूकवर असावा. सायकली कारवर ठेवा. कायद्याचंही लक्षात असू द्या. ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीपत्राशी विसंगत बदल करू देत नाही. रंग हाही त्या पत्रातला तपशील. सगळा रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत जा.

त्या दोघांना मी हे सगळं तिथेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि छत पांढरं करू म्हणाले. दाराबद्दल काही बोलले नाहीत. तुमच्यापैकी जे कुणी असा ट्रेलर बांधत असतील त्यांना माझी विनंती आहे: आराखड्यातलं दार आजच डाव्या बाजूला घ्या. पत्रा कापल्यावर ते हलवता येत नाही.