विरंगुळा : मांत्रिक व्हावे की लढवय्या?

सुटीच्या दिवशी चार-पाच मुले जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली असतात. हातात पेन्सिली, समोर चित्रविचित्र आकाराचे फासे. कुणी म्हणतो, ‘मी दार फोडतो’, तर कुणी म्हणते, ‘थांब, मी आधी कान लावून ऐकते.’ असे दृश्य तुमच्या घरी दिसले, तर मुले ‘रोल-प्लेइंग गेम’ खेळत आहेत असे खुशाल समजावे. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि अडचणीच्या वेळी वीस बाजूंचा फासा निकाल देतो. यात शेवटी कुणी जिंकत नाही, हे आजी-आजोबांना समजावून सांगणे सर्वांत अवघड!

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. तेव्हा पात्रांचे पेशे, म्हणजे ‘क्लास’, तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. चोर आला तो 1975 मध्ये. पुढे यादी वाढत गेली आणि 2014 च्या नियमपुस्तकात पेशे बारा झाले.

इथेच मेख आहे. या बारांपैकी मूळ रूपात मंत्र न वापरणारे चारच : बार्बेरियन, फायटर, मंक आणि रोग. सूत्रधाराने ‘या वेळी आपल्या जगात जादू फार थोडी असेल’ असे जाहीर केले, की उरलेल्या आठांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. एखादी मुलगी हौसेने मांत्रिक घेते आणि पहिल्याच गावात लोक तिला हुसकावून लावतात. मंत्र शिकायला पोथी मिळत नाही, गुरू मिळत नाही. सारी संध्याकाळ ती इतरांचे फासे पाहत बसते. पुढच्या रविवारी ती येत नाही. खेळ मोडतो तो असा, राक्षसांमुळे नव्हे.

म्हणून पेसा निवडण्याआधी, ‘थोडी जादू म्हणजे नेमके काय?’ हे सूत्रधाराला स्पष्ट विचारावे. जादूच्या तलवारी दुकानात मिळत नाहीत, एवढेच? की मांत्रिक आहेत, पण लोक त्यांना भितात? की खेळाडूंना मंत्र मुळीच वापरता येणार नाहीत? टॉल्किनच्या कथाविश्वावर बेतलेल्या ‘ॲडव्हेंचर्स इन मिडल-अर्थ’ या 2016 च्या पुस्तकाने हा तिसरा मार्ग घेतला. त्यात सहा पेशे आहेत आणि मंत्र एकाकडेही नाहीत. जखमा बांधतो तो विद्वान, आपल्या ज्ञानाच्या बळावर. मला ही रचना सर्वांत प्रामाणिक वाटते. जे मिळणार नाही ते आधीच पानावरून काढून टाकले, की रुसवेफुगवे होत नाहीत.

दुसरा प्रश्न जखमांचा, आणि तो खरोखर जिवावरचा आहे. नेहमीच्या खेळात पात्र कोसळले, तर वीस बाजूंचा फासा टाकत राहायचे. तीनदा दहा किंवा अधिक पडले तर जीव तगला, त्याआधी तीनदा कमी पडले तर खेळ खलास. तरीही मंत्र जाणणारा धर्मोपदेशक सोबत असेल आणि जवळ तीनशे सुवर्णनाण्यांचा हिरा असेल, तर मेलेल्याला मिनिटभराच्या आत परत आणता येते. जादू नसेल तर गेलेला गेलाच. सहा महिने जपलेले पात्र असे गेले, की मोठी मुलेही रात्री नीट जेवत नाहीत.

तेव्हा अशा जगात ज्याला स्वतःला सावरता येते, तो पेशा सोन्याचा. फायटर घ्या. ‘सेकंड विंड’ या गुणामुळे तो ऐन लढाईत थोडी शक्ती परत मिळवतो, आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा. गटातल्या एकाने तरी ‘हीलर’ हे कसब घेऊन मलमपट्टीची पेटी जवळ बाळगावी. बार्बेरियन मार खाण्यात सर्वांत पुढे. पण तो संतापून पुढे धावला, की मागच्यांना वाचवायला कुणी उरत नाही!

रोग हा पेशा मात्र आपल्याकडच्या वाचकांना लगेच कळेल. देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ या 1888 च्या हिंदी कादंबरीतले ऐयार आठवा. 1994 मध्ये दूरदर्शनवर मालिकाही आली होती. वेषांतर, बेशुद्धीची पूड, कुलपे, भुयारे. सारे अद्भुत, पण बुद्धीच्या जोरावर. जिथे मंत्राने दार उघडत नाही, तिथे कुलूप उघडणारा राजा असतो. फक्त त्याने एकट्याने पुढे जाऊ नये. साथीदार शत्रूला भिडलेला असला, तर त्याचा वार अधिक जबर लागतो.

सूत्रधारासाठीही एक सूचना. 2014 च्या नियमांत वेअरवुल्फसारख्या प्राण्याला साध्या पोलादाने इजाच होत नाही. चांदीचे किंवा जादूचे शस्त्रच लागते. जादू काढून टाकली असेल, तर गावातल्या सोनाराकडे चांदीच्या बाणांची सोय करून ठेवावी, नाहीतर पोरे उगाच मरतील.

आणि घरातला एखादा ‘मला मांत्रिकच व्हायचे आहे’ म्हणून हटून बसला तर? त्याला नाही म्हणू नये. नियमपुस्तकांतच एक पर्याय आहे : छोटी विश्रांती तासाऐवजी आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची. मग मांत्रिकाचे मोजके मंत्र जवळजवळ आठवडाभर पुरवावे लागतात. एक मंत्र कधी खर्च करायचा, यावर सारे टेबल श्वास रोखून बसते. तेवढे सुरुवातीलाच ठरवून घ्या, आणि त्याच वेळी प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर दुसरे एक पात्र तयार करून ठेवावे.