पेस्की, म्हणजे मेला!

'पेस्की' या इंग्रजी विशेषणाला मराठीत काय म्हणायचं, असं नातीने विचारलं. शब्दकोश 'त्रासदायक' सांगतो. अर्थ चुकीचा नाही, पण 'त्रासदायक डास' ही नगरपालिकेची सूचना वाटते हो! मध्यरात्री कानाशी गुणगुणणाऱ्या डासावर कोणी असं चिडतं का?

पेस्की हा मोठ्या संकटांचा शब्दच नाही. दुष्काळ पेस्की नसतो, कर्करोग तर नाहीच नाही. जेवताना ताटाभोवती फिरणारी माशी, उपटलं तरी उगवणारं तण, बेल वाजवून पळणारी पोरं, ही सगळी पेस्की. जीव एवढासा, पण चिकाटी केवढी! आणि चिडणारा माणूसही त्यांच्यावर पुरता चिडलेला नसतो.

माझ्या मते याला मराठीत एकच जोडीदार आहे : मेला. मेला डास, मेली माशी, मेलं झुरळ. तिन्ही लिंगांत चालतो, इंग्रजीला ही सोय नाही. मात्र शब्दाची जागा सांभाळायची. 'डास मेला' म्हटलं की आपण सुटलो. 'मेला डास' चांगला ठणठणीत जिवंत असतो! (कोकणातला 'शिंचा'ही जवळचाच, पण त्याच्या व्युत्पत्तीत शिरलो तर वर्गाबाहेर उभं राहावं लागेल.)

गंमत पुढेच आहे. पेस्की हा शब्द १७७५ च्या सुमाराचा, अमेरिकेतला. तो बहुधा 'पेस्ट'वरून आला, आणि पेस्टच्या मुळाशी आहे लॅटिन 'पेस्टिस', म्हणजे महामारी, प्लेग. प्लेगचा शब्द झिजत झिजत माशीवर येऊन बसला. इकडे आपल्या आयाबायांनी तर साक्षात मरणच डासामाशांच्या कामाला लावलं. स्वयंपाकघरातला शब्द म्हणून निबंधाच्या वहीत त्याला थारा नव्हता, ते वेगळं.

पण त्या बायकांची जाण बघा. उनाड पोराला 'मेल्या, जेवायला ये' म्हणतील. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो शब्द लावणार नाहीत. तिथे त्यातलं झोपलेलं मरण जागं होतं. ही सीमा त्यांना कोणी शिकवली नव्हती.

हल्ली घरोघरी 'इरिटेटिंग' ऐकतो. त्याला अशी सीमाच नाही. डास इरिटेटिंग, ट्रॅफिक इरिटेटिंग, आणि त्याच सुरात पलीकडच्या खोलीतला आजोबांचा खोकलाही इरिटेटिंग. आजोबांना ऐकू येतं.