विश्लेषण : पेणचा बाप्पा पाण्यात विरघळत का नाही?

पेणच्या कारखान्यातून निघालेल्या गणेशमूर्तीकडून दोन अपेक्षा असतात. मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे खात टेम्पो नागोठण्यावरून रोह्याला पोहोचेपर्यंत तिच्या बोटालाही तडा जाता कामा नये. आणि दीड दिवसाने, गौरींबरोबर किंवा अनंत चतुर्दशीला ती कुंडलिकेत सोडली, की तिने पाण्यात उरता कामा नये. एकाच पदार्थाने आधी घट्ट राहायचे आणि मग सांगितल्या वेळी सुटायचे, ही मागणी पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही प्रयोगशाळेला घाम फोडणारी आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे पीओपीचा वाद श्रद्धा, पर्यावरण आणि रोजगार या तीन शब्दांभोवती फिरतो. मूर्ती ज्या पदार्थाची बनते तो पदार्थ नेमका वागतो कसा, हे मात्र त्यात क्वचितच विचारले जाते.

शाडू वाळतो, पीओपी वाळत नाही

शाडू ही चिकणमाती. तिचे कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. माती ओली असताना या पापुद्र्यांमध्ये पाण्याचा थर असतो, त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात आणि माती हवी तशी वळते. पाणी उडून गेले की पापुद्रे जवळ ओढले जातात आणि एकमेकांना धरून बसतात. यात कुठलीही रासायनिक प्रक्रिया होत नाही, नवा पदार्थ तयार होत नाही. म्हणूनच न भाजलेल्या मूर्तीला पुन्हा पाणी मिळाले की पकड सुटते. काटेकोर बोलायचे तर शाडूही विरघळत नाही. तो फक्त सुटतो आणि गाळ होऊन तळाशी बसतो.

अडचण वाळण्यात आहे. पाणी जाताना माती आकसते. बाहेरचा थर आधी वाळतो, आतला मागाहून, आणि या ओढाताणीत तडे जातात. त्यात जून-जुलैत पेणच्या हवेत अंगावरचे कपडेही धड वाळत नाहीत. पेणचीच पापड-मिरगुंडांची वाळवणे पावसाआधी उरकलेली असतात, मूर्तींचे काम मात्र नेमके भर पावसात शिगेला पोहोचते.

पीओपीला हा त्रास नाही, कारण तो वाळून घट्ट होतच नाही. जिप्समचा खडक साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजला, की त्याच्या स्फटिकात बांधलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. देशातले बहुतांश नैसर्गिक जिप्सम राजस्थानात सापडते. या भुकटीत पाणी कालवले की ती गेलेले पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. सुईसारखे स्फटिक वाढत जाऊन एकमेकांत गुंततात. साच्याला हात लावला तर ऊब लागते, ती या प्रक्रियेची. अर्ध्या तासात मूर्ती साच्यातून काढता येते, मग बाहेर पाऊस असो वा ऊन.

आणखी एक गुण. घट्ट होताना पीओपी किंचित फुगतो. शाडू आकसतो आणि पीओपी साच्याच्या प्रत्येक रेघेत शिरतो, त्यामुळे दागिन्यांचे मणी उठून दिसतात. मिश्रणात गरजेपेक्षा बरेच जास्त पाणी घातलेले असते. ते उडून गेले की सूक्ष्म पोकळ्या उरतात आणि मूर्ती हलकी होते. त्यात मूर्तिकार काथ्या घालतात. प्लास्टर दाब सहन करते, पण ताणाला लगेच तुटते. तो ताण काथ्याचे धागे घेतात. काँक्रीटमध्ये सळई जे काम करते तेच. अभियांत्रिकीच्या पुस्तकात याला संमिश्र पदार्थ म्हणतात, पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत त्याला वेगळे नाव द्यायची गरज पडलेली नाही.

एका मूर्तीला दोन टाक्या पाणी

जिप्सम पाण्यात अजिबात विरघळत नाही, हे खरे नाही. एका लिटर पाण्यात ते दोन ते अडीच ग्रॅम विरघळते, त्यापुढे पाणी आणखी घेत नाही. पाच किलोची घरगुती मूर्ती पूर्ण विरघळायला दोन हजार लिटरहून अधिक पाणी लागेल, म्हणजे इमारतीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या. तेही पाणी सतत ढवळत राहिले तर. स्थिर पाण्यात मूर्तीलगतचा थर लवकरच संपृक्त होतो आणि विरघळणे मंदावते. वरून रंगाचा लेप असतो, तो पाण्याला आत जाऊ देत नाही.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. कृत्रिम तलावात मूर्ती विरघळते, म्हणून तिथे विसर्जन करायचे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वाहत्या नदीपेक्षा छोट्या तलावात ती कमीच विरघळेल. तलाव असतो तो मूर्ती गोळा करण्यासाठी. नदीत सोडलेल्या मूर्तींचे तुकडे तळाशी पसरतात, रंगातल्या धातूंचे अंश गाळात उतरतात. गोळा केलेल्या मूर्तींचे पुढे काहीतरी करता येते. ते ‘पुढे’ कोणी करायचे, हा प्रश्न मात्र बहुतेक गावांत तलावाच्या काठावरच थांबतो.

सहा फुटांचे गणित

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींविरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. त्यानंतर डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अहवाल दिला आणि ९ जूनला न्यायालयाने मूर्ती बनवण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतातील विसर्जनाला मात्र परवानगीची अट राहिली. २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींना कृत्रिम तलाव बंधनकारक झाले आणि त्याहून मोठ्या मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची सवलत मिळाली.

उंचीचा मुद्दा वादात वारंवार येतो, कारण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेला हिशेब आजही लागू पडतो. वस्तूची उंची सहापट केली आणि बाकीचा आकार त्याच प्रमाणात वाढवला, तर वजन २१६ पट होते, पण ते पेलणाऱ्या पायाचे क्षेत्रफळ ३६ पटच वाढते. पायावरचा दाब सहापट होतो. एक फुटाची भरीव शाडूची मूर्ती तीन किलोची धरली, तर सहा फुटांची साडेसहाशे किलोंच्या घरात जाईल. उंचावलेल्या हाताची अवस्था आणखी बिकट. तो खांद्यातून वाकू पाहतो, तिथे ताण येतो आणि वाळलेली माती ताणाला अगदीच कच्ची असते. ‘सगळ्या मूर्ती शाडूच्याच करा’ हा आग्रह फूट-दीड फुटाच्या घरगुती मूर्तीला लागू करता येतो. पंधरा फुटांच्या मंडळाच्या मूर्तीला आत सांगाडा, पेंढा आणि जाणकार हात लागतात, शिवाय किंमतही बदलते. दोन्हींना एकच नियम लावणे म्हणजे झोपडी आणि मनोरा एकाच आराखड्यावर बांधायला सांगणे.

रसायनाचा उपाय किती पुरतो?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक उत्तर दिले आहे. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून त्यात पीओपीची मूर्ती ठेवली, की काही दिवसांत तिचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेटमध्ये होते. पहिला खडूसारखा साका, दुसरे खत. पुणे महापालिकेने ही भुकटी नागरिकांना वाटलीही आहे. यामागचे रसायनशास्त्र जुने आहे. १९५१ मध्ये सुरू झालेला सिंद्रीचा खत कारखाना जिप्सम आणि अमोनियापासूनच अमोनियम सल्फेट बनवत असे.

उपाय चांगला आहे, पण हिशेब पाहायला हवा. मूर्तीच्या वजनाइतकीच भुकटी लागते. पाच किलोच्या मूर्तीला बादली आणि अमोनियाचा वास चालून जाईल; मंडळाच्या मूर्तीला क्विंटलांत भुकटी लागेल. दुसरा मार्ग उलट दिशेचा आहे. जिप्सम पुन्हा भाजले की पुन्हा पीओपी होते. परदेशात भिंतींचे जुने जिप्सम बोर्ड अशाच प्रकारे परत वापरात येतात. मूर्तींच्या बाबतीत रंग आणि काथ्या वेगळा करणे हे खरे कष्टाचे काम. ते सुटले, तर तलावातून निघालेला ढीग कचरा न राहता कच्चा माल होईल. रंग पाण्याने निघणारा असावा, ही अट तेव्हा केवळ नदीसाठी उरणार नाही, कारखान्याच्याही सोयीची ठरेल.

हे प्रयोग मूर्ती घडते तिथेच व्हायला हवेत. शाडूत कोणते धागे किती मिसळले तर तडे कमी होतील, पेणच्या दमट हवेत किती जाडीची मूर्ती किती दिवसांत वाळेल, टेम्पोच्या धक्क्यांना ती किती टिकेल, रोह्यात पाण्यात ठेवल्यावर किती तासांत सुटेल. यातले काहीही मूलभूत संशोधन नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात बसेल इतपत हे काम आहे. वजनकाटा, आर्द्रतामापक आणि दोन पावसाळे लागतील.

पेणचा मूर्तिकार मात्र पदार्थ निवडतो ते विसर्जनानंतर काही आठवड्यांतच, कारण पुढच्या वर्षाचे काम तेव्हाच सुरू होते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि पीओपीची मूर्ती बनवता येईल की नाही, हे त्याला ९ जूनला कळले. तोवर पावसाळा येऊन ठेपला होता आणि शाडू वाळवायला ऊन उरले नव्हते.