भाव चांदीचा नव्हे, संख्येचा



मर्यादित आवृत्तीच्या नाण्यांची चढी किंमत म्हणजे सरळ लूट, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ठणकावून सांगितले आहे. त्यांचा राग रास्त आहे. निष्कर्ष मात्र घाईचा.

अमेरिकी टांकसाळीने नोव्हेंबर २०१९मध्ये ‘सिल्व्हर ईगल’चे एक खास प्रूफ नाणे विक्रीला काढले. चांदी एक औंस, किंमत ६५.९५ डॉलर. तेवढ्या चांदीचा बाजारभाव तेव्हा १७ डॉलरच्या आसपास होता. म्हणजे टांकसाळीनेच जवळपास चौपट दाम लावला! पण नाणी ३०,०००च निघणार, हे आधी जाहीर झाले होते. काही मिनिटांत साठा संपला आणि पुनर्विक्रीचा भाव हजार डॉलरपलीकडे गेला. ग्राहकाने पैसे मोजले ते संख्येचे, आणि ती संख्या खरी होती.

याच टांकसाळीचे २०१४चे सोन्याचे केनेडी नाणे पाहा. त्याच्या संख्येला मर्यादाच नव्हती. तरी पहिल्या दिवसाच्या नाण्यांना व्यापारी जादा पैसे देत असल्याने रांगा अशा लोटल्या, की काउंटरवरची विक्रीच थांबवावी लागली. नाणे तेच, सोने तेवढेच. महाग झाली ती डबीवरची ‘पहिला दिवस’ सांगणारी चिठ्ठी. पत्रलेखकांचा आक्षेप इथे शंभर टक्के लागू पडतो.

आपल्याकडचे २०२३चे नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, त्यात चांदी निम्मी. ते कोणी ‘दुर्मीळ’ म्हणून अवाच्या सवा भावाने विकत असेल, तर अशी नाणी पाडली किती, हे त्याच विक्रेत्याने आधी सांगावे.

— एक वाचक